सहाच्या आतली मुलं आणि साठीपुढची माणसं: वॉर्डात मानसिक आरोग्याची सोय मागायची तर नक्की काय मागायचं?

खाडीकिनारी
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. आमच्या घोडबंदर रोडच्या पट्ट्यातल्या काही सोसायट्यांचा मिळून एक गट आहे, एरवी टँकर, खड्डे आणि सर्व्हिस रोडवरचं पार्किंग यापलीकडे आमची मजल जात नाही. या वेळी पालिकेच्या बजेटच्या आधी निवेदन द्यायचं चाललंय आणि मीटिंगमध्ये एका ताईंनी मुद्दा काढला की मानसिक आरोग्य म्हटलं की सगळे कॉलेजची पोरं आणि आयटीवाल्यांबद्दल बोलतात, त्यांना ऑफिसात काउन्सेलर आहे, अ‍ॅप आहेत, पण सहा वर्षांच्या आतली मुलं आणि साठीपुढची माणसं यांचं कोण बघतं? एकदम शांतता. मग दोन तट पडले. एक म्हणतात पालिकेचा आरक्षित प्लॉट पडून आहे तिथे मस्त सेंटर मागा, खाली मुलांचं वर ज्येष्ठांचं. दुसरे म्हणतात हे पालिकेचं कामच नाही, उगाच निवेदन लांबवू नका. मी सेंटरवाल्यांच्या बाजूचा आहे. ड्राफ्ट माझ्याच गळ्यात पडलाय म्हणून विचारतोय. ठाणे, नवी मुंबईतल्या लोकांनी अनुभव सांगा, फुकटचे सल्लेही चालतील.

चहा_कटिंग
आधी पाणी मागा. रोज सकाळी नळाला पाणी आलं की अर्ध्या घोडबंदरचं मानसिक आरोग्य आपोआप सुधारेल. हलकेच घ्या.

मृण्मयी_नौपाडा
वाचतेय. चांगला विषय.

सीवूड्सची_सून
सेंटर वगैरे ठीक आहे पण मी माझं सांगते. सासूबाई शहात्तरच्या. सुरुवातीला गॅस चालू राहणं, तेच तेच विचारणं, आम्ही म्हटलं वय झालं. फॅमिली डॉक्टरही तेच म्हणाले. मग पोळ्या उशीच्या अभ्र्यात सापडायला लागल्या, पेपरात नीट गुंडाळून ठेवलेल्या, आणि दुपारी चार वाजले की पिशवी भरून दारात उभ्या, "मला चिपळूणला सोड, आई वाट बघत असेल". त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली असतील. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञांनी बी-१२, थायरॉईड, कानाची तपासणी सगळं करायला लावलं, मग स्कॅन, मग निदान. डिमेन्शिया.

आता मुद्दा. मला तुमच्या सेंटरचा उपयोग शून्य आहे. त्यांना रिक्षात बसवणं हाच एक सोहळा असतो, ओपीडीच्या रांगेत त्या घाबरतात आणि घाबरल्या की हात उगारतात, लोक बघत बसतात. मला हवंय ते असं की आठवड्यातून एक-दोन दुपारी कुणीतरी ट्रेनिंग घेतलेलं माणूस घरी येऊन तीन तास बसेल. मी बँकेत जाईन, केस कापून येईन, नाहीतर नुसती झोपेन. मेड ब्युरोच्या बाईला विचारलं तर पेशंट "तसा" आहे कळल्यावर दुप्पट पैसे आणि चौथ्या दिवशी गायब. हे निवेदनात लिहा, बाकी काही लिहू नका.

मृण्मयी_नौपाडा
@सीवूड्सची_सून, अगदी पटलं. आमच्या शेजारी सेम परिस्थिती आहे, तिथे सून नाही तर मुलगा करतोय सगळं, त्याने वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि आता कॉलवर असताना आईचा आवाज आला की कॅमेरा बंद करतो.

गणित_कच्चं
दुसऱ्या टोकाचं मी सांगतो. कोपरखैरणे. मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, हाक मारली तरी बघायचा नाही, फक्त मिक्सर लावला की धावत यायचा. घरात सगळे म्हणायचे बाबाही उशिराच बोलला (बाबा म्हणजे मी, आणि आता बायको म्हणते अजूनही फारसा बोलत नाहीस). डॉक्टर म्हणाले मुलगे उशिरा बोलतात, थांबा. थांबण्यात जे महिने गेले त्याची चुटपुट लागते. नंतर एका प्लेग्रुपच्या टीचरनेच बाजूला घेऊन सांगितलं की एकदा डेव्हलपमेंटल पेडिअ‍ॅट्रिशियनला दाखवा.

मग खरी धावपळ. स्पीच थेरपी वेगळीकडे, ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) वेगळीकडे, पाऊण तासाच्या सेशनचे जे पैसे घेतात ते आठवड्याला किती होतात ते माझ्या आयडीवरून समजून घ्या. पण सगळ्यात उपयोग कशाचा झाला सांगू? थेरपिस्टने घरी करायला शिकवलेल्या बारीकसारीक गोष्टींचा. बिस्किटं पारदर्शक डब्यात घट्ट झाकणाच्या आत ठेवायची, त्याला दिसतात पण उघडत नाहीत, मग तो डबा आणून देतो, आपण लगेच उघडायचं नाही, त्याच्या डोळ्यांसमोर डबा धरून थांबायचं, नुसतं "उ" म्हणाला तरी उघडायचं. "उघड" हा त्याचा पहिला शब्द, आई-बाबा नंतर आले. हे कुणीतरी आधी आईला शिकवलं असतं तर एवढं हिंडावं लागलं नसतं.

बाय द वे, वाशीला नवी मुंबई पालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. एवढी हक्काची जागा जवळ असून आम्हाला ती दुसऱ्या एका पालकाकडून कळली, तीही वेटिंग रूममध्ये. त्यामुळे सोय नाही हे अर्धंच खरं, सोयीचा पत्ता सांगणारं कोणी नाही.

अवलिया_७१
सगळ्यालाच आजार म्हणायची फॅशन आली आहे. आम्ही चाळीत वाढलो, एका खोलीत नऊ जण, कुणाला डिप्रेशन आलं नाही. मूल उशिरा बोललं तर बोललं, आजोबा विसरले तर विसरले. एकत्र कुटुंब मोडलंत आणि आता त्याचं बिल पालिकेला पाठवताय.

सीवूड्सची_सून
काका, आमचं एकत्र कुटुंबच आहे. म्हणूनच तर सासूबाई माझ्याकडे आहेत.

चहा_कटिंग
@अवलिया, नऊ जणांत ज्याला डिप्रेशन आलं असेल त्याला सांगायला चान्सच मिळाला नसेल, संडासाच्या रांगेत नंबर गेला असता.

मनकवडा_डॉक
मी मानसोपचारतज्ज्ञ, सरकारी नोकरीत बरीच वर्षं. आयडीवर जाऊ नका, मन वगैरे ओळखता येत नाही. काही मुद्दे लिहितो, लांबेल.

पहिलं म्हणजे "हे पालिकेचं कामच नाही" म्हणणाऱ्या मंडळींसाठी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नावाचा कायदा आहे, २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे. त्याचं कलम १८ काढून वाचा. सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे असं त्यात म्हटलंय, आणि सेवांची जी यादी दिलीये त्यात मुलांसाठीच्या आणि वृद्धांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवा स्पष्ट शब्दांत आहेत. कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा आणि घरच्या घरी पुनर्वसनाची सेवाही त्याच यादीत आहे. म्हणजे सीवूड्सच्या ताई जे मागतायत ती कुणाच्या मेहेरबानीची गोष्ट नाही.

दुसरं, सेंटर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने (बंगळुरूची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था) आधी प्रयोग केला होता त्याच्यावर बेतलेला. कल्पना हीच होती की माणसाने मोठ्या इस्पितळात यायचं नाही, सेवेने प्राथमिक केंद्रापर्यंत जायचं. अडतं कुठे तर माणसांपाशी. २०१९ च्या एका अंदाजानुसार देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नव्हता, ०.७५. त्यातले मुलांचे किंवा वृद्धांचे खास तज्ज्ञ किती असतील ते समजा. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मुलं घेतली ती १३ ते १७ वयाची, त्याखालची मोजलीच नाहीत. जे मोजलं जात नाही त्याला बजेट मिळत नाही. तुम्ही इमारत मागितलीत तर इमारत मिळेल हो, फीत कापली जाईल, फोटो येतील, आणि मग आत सोमवार-गुरुवार एक कंत्राटी काउन्सेलर बसेल, तोही सहा महिन्यांनी सोडून जाईल.

तिसरं, वयस्कर माणसांचं डिप्रेशन "मला उदास वाटतंय" असं म्हणत येत नाही. ते "पोट साफ होत नाही", "पाठ धरलीये", "रात्री तीनला जाग येते", "अन्नाला चव नाही" असं म्हणत येतं. त्यामुळे ते माझ्याकडे येतच नाहीत, फिजिशियन, ऑर्थो, आयुर्वेद असं फिरत राहतात. पंधरा साध्या हो-नाही प्रश्नांची एक चाचणी असते, नर्सही घेऊ शकते. बीपी-शुगरच्या लाईनमध्येच ती घेतली तर निम्मं काम झालं.

आणि एक, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: विसरभोळेपणा महिन्यामहिन्यांनी वाढत गेला तर वेगळं, पण कालपर्यंत ठीक असलेली आजी आज अचानक असंबद्ध बोलायला लागली तर तो डिमेन्शिया समजून घरी बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, नवीन सुरू झालेली गोळी, काहीही असू शकतं. त्याच दिवशी इस्पितळ.

मृण्मयी_नौपाडा
डॉक, ते सोडियमचं आमच्या आजीला झालं होतं. सलाईननंतर दोन दिवसांत पहिल्यासारखी, आणि पहिला प्रश्न काय तर नाश्त्याला उपमा का केला.

कळवा_फास्ट
ठाण्यात राहतो म्हटलं की कोल्हापूरकडचे पाहुणे अजूनही विचारतात, आत की बाहेर? मनोरुग्णालयामुळे १९०१ पासूनची ख्याती आहे आपली.

चहा_कटिंग
आता तर मनोरुग्णालयाच्या जागेतच ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवीन स्टेशन करणार म्हणतात. म्हणजे उतरलं की थेट ओपीडी.

कळवा_फास्ट
ते स्टेशन मी रिटायर होईपर्यंत झालं तरी पुष्कळ. तोवर ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातला जो उभा राहिलाय त्याला मोफत समुपदेशन द्यायला हवं.

घोडबंदरवासी
आणि कापूरबावडीच्या सिग्नलला? तिथे तर ग्रुप थेरपी लागेल.

खाडीकिनारी
अहो धागा रुळावरून घसरला. परत या. डॉक, कलम १८ साठी शतशः धन्यवाद, मीटिंगमध्ये तोंड बंद करायला एवढं पुरे आहे. पण इमारत नको तर मग माणसं बसवायची कुठे?

पोषणआहार
मी अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त. वागळे इस्टेट, लोकमान्य नगर भागात बरीच वर्षं काढली. लहान मुलांच्या बाबतीत सांगते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. डॉक्टरांची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासते. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातली दिरंगाई, हे चारही बघायचं असतं. दिरंगाई वाटली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवायचं. चांगली योजना आहे, मी डोळ्यांनी मुलं सुधारलेली बघितलीत. पण टीम एका दिवसात किती मुलं बघणार, वजन-उंची-दात यातच वेळ जातो. आणि चिठ्ठी दिली तरी आई जात नाही, कारण धुणंभांड्याच्या चार घरचा खाडा होतो. एक बाई मला म्हणाली, ताई तुम्ही चिठ्ठी देता, खाडा कोण देणार. मला उत्तर नव्हतं.

आता दुसरी बाजू, ही तुमच्या सोसायट्यांसाठी. ही तपासणी अंगणवाडीतल्या आणि सरकारी, अनुदानित शाळांतल्या मुलांची होते. तुमच्या टॉवरमधली मुलं महागड्या प्लेग्रुपला जातात, तिथे कोणी येत नाही. म्हणजे किसन नगरच्या चाळीतलं मूल निदान वर्षातून दोनदा कुणाच्या तरी नजरेखालून जातं आणि विसाव्या मजल्यावरचं एकदाही नाही. लसीकरण संपलं की त्याचा डॉक्टर फक्त तापाला.

आणि कृपा करून सगळं सेविकेच्या डोक्यावर टाकू नका. ती आहार वाटते, मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरते, निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं करते. तिला अजून एक फॉर्म दिलात तर ती तो भरेल, पण मुलाकडे न बघता भरेल.

गणित_कच्चं
@पोषणआहार ताई, टॉवरचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. आमच्या प्लेग्रुपला तपासणी म्हणजे फॅन्सी ड्रेसच्या दिवशी डेंटिस्ट येऊन टूथपेस्टचं सॅम्पल देऊन गेला होता.

विदेशी_वारी
झिम्बाब्वेमध्ये एक भारी गोष्ट चालते, फ्रेंडशिप बेंच म्हणून. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तर डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ च्या सुमारास दवाखान्यांच्या आवारात बाक टाकले आणि वस्तीतल्या आज्यांना ट्रेनिंग देऊन त्यावर बसवलं. येणाऱ्याचं ऐकायचं, एक प्रॉब्लेम निवडायचा, त्यावर पुढची पायरी काय ते दोघांनी मिळून ठरवायचं. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी छापून आली, साध्या उपचारांपेक्षा फरक चांगला दिसला. आपल्याकडे आज्यांचा काय तुटवडा आहे का?

चहा_कटिंग
आमच्या सोसायटीतल्या बाकावर आज्या आहेतच. प्रत्येक घराचा एक प्रॉब्लेम निवडतात आणि पुढची पायरीही ठरवतात, फक्त त्या घराला विचारत नाहीत.

मनकवडा_डॉक
हाहा. पण विदेशी_वारी यांचा मुद्दा सोडून देऊ नका. तिथे त्या आज्यांच्या मागे सुपरव्हिजन असतं, अवघड केस कुणाकडे पाठवायची ते ठरलेलं असतं. नुसता बाक टाकून होत नाही. आणि आपल्याकडे खरी अडचण गुप्ततेची. सोसायटीत काउन्सेलर बसवला तर त्याच्याकडे कोण गेलं हे कमिटीच्या आधी वॉचमनला कळतं. म्हणून जागा अशी हवी जिथे माणूस तसाही दुसऱ्या कामाला जातोच, बीपी तपासायला, पुस्तक बदलायला, मुलाला सोडायला.

नेरुळचा_निवृत्त
मी एकाहत्तर वर्षांचा आहे. या धाग्यावर ज्यांच्याबद्दल चर्चा चालली आहे त्यांच्यापैकी एक. तेव्हा थोडे माझेही ऐकावे.

पत्नी गेली त्यानंतर मुलाने मला एका समुपदेशकांकडे नेले. बाई सज्जन होत्या, पण वयाने माझ्या नातीएवढ्या आणि त्या मला "आजोबा, तुम्हाला काय वाटतं" असे हळू आवाजात विचारत होत्या. मला काही वाटत नव्हते, तीच तर अडचण होती. मी दुसऱ्यांदा गेलो नाही. हास्यक्लबही करून पाहिला. सकाळी सहाला हात वर करून खोटे हसायचे, हे मला जमले नाही, ज्यांना जमते त्यांचा हेवा वाटतो.

उपयोग झाला तो आमच्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राचा, आणि तोही करमणुकीमुळे नाही. तिथल्या वाचनालयाचा हिशोब तीन वर्षे कुणी लावला नव्हता. मी आयुष्यभर लेखा विभागात काढलेली, मला ते बघवेना. रोज दहा ते बारा बसू लागलो. कुणीतरी माझी वाट बघते, मी नाही गेलो तर कपाटाची किल्ली मिळत नाही, हे बरे वाटते. मग तिथेच एक समवयस्क गृहस्थ भेटले, त्यांच्याशी बोलता बोलता कळले की त्यांनाही रात्र खायला उठते. त्यांनी गोळ्या सुरू केल्या होत्या, त्यांच्याच डॉक्टरांकडे मग मीही गेलो. स्वतःच्या पायांनी.

एक विनंती. "खाली मुलांचं, वर ज्येष्ठांचं" असले सेंटर मागू नका. एक तर वर कशाला, आमचे गुडघे बघा. दुसरे म्हणजे आम्हाला बालवाडीच्या जोडीला बसवून टाळ्या वाजवायला लावू नका. म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, हे ज्याने म्हटले तो म्हातारा नसावा.

कळवा_फास्ट
काका, दंडवत. गुडघ्यांचा मुद्दा निवेदनात जायलाच हवा.

अवलिया_७१
@नेरुळचा_निवृत्त, तुमचं आवडलं. हेच मी म्हणतोय, माणसाला काम हवं, गोळ्या नकोत.

नेरुळचा_निवृत्त
गोळ्याही घेतो हो. अजून चालू आहेत.

ओंजळ
मी विशेष शिक्षिका, ठाण्यातच एका संस्थेत. काकांच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका.

माझ्याकडे सकाळच्या सेशनला येणाऱ्या बऱ्याच मुलांना आजी किंवा आजोबा घेऊन येतात, आई-बाबा सव्वाआठची लोकल पकडून गेलेले असतात. मी जे शिकवते ते घरी कोण करणार? आजी. डबा हातात धरून थांबणार कोण? आजी. (गणित_कच्चं, तुमची आई थांबू शकते का? माझ्या अनुभवात आज्या थांबत नाहीत, "अगं दे ना त्याला, भुकेलाय".) त्यामुळे मी आता आजीलाच समोर बसवते. एक आजी होत्या, नातवाला टीव्हीवर कार्टून लावल्याशिवाय घास भरवायच्या नाहीत. मी दोन-तीनदा बोलले, दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच असं बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते वगैरे. त्या मान हलवायच्या, करायच्या मात्र तेच. एक दिवस सेशन संपल्यावर तिथेच बसून राहिल्या. म्हणाल्या, बाई, तो टीव्ही बघतो तेवढा अर्धा तास मी डोळे मिटून घेते, रात्रभर झोप नसते, गाव सोडून इथे आल्यापासून माझ्याशी बोलायला कोणी नाही. सातारकडच्या होत्या, शेतात काम केलेल्या, आता चौदाव्या मजल्यावर खिडकीला जाळी. त्यांना लिफ्टची भीती वाटायची म्हणून आमच्या सेशनशिवाय खालीच उतरायच्या नाहीत.

म्हणजे माझ्यासमोर पेशंट एक नव्हता, दोन होते, आणि फाईल एकाचीच. आजीला कुठे पाठवायचं ते मला माहीत नव्हतं, आमच्या संस्थेत अठराच्या पुढचं कोणी बघत नाही. आणि वृद्धांच्या डॉक्टरकडे गेल्या असत्या तर तिथे नातवाबद्दल कोणी विचारलं नसतं. दिवसभर घरात दोघंच असतात, कुलूप आतून लावून. म्हणून दोन टोकं वेगवेगळी मागू नका असं मला वाटतं. टाळ्या वाजवायला नाही काका, पण मुलाला तपासायला येईल त्याने सोबत आलेल्या आजीलाही दोन प्रश्न विचारावेत, आणि आजीच्या घरी जाईल त्याने तिथे रांगणाऱ्या मुलाकडे बघावं, एवढं तरी.

सीवूड्सची_सून
ओंजळ, आमच्याकडेही माझा पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. ती चिपळूणला निघाली की हा तिची पिशवी धरून सोबत दारापर्यंत जातो, मग दोघं "गाडी गेली" म्हणून परत येतात. हे त्याला कुणी शिकवलं नाही, मी सांगून त्या कधीच परत फिरत नाहीत. पण हल्ली तो रात्री विचारतो, तू पण मला विसरशील का? त्याला काय सांगायचं हे मला कोण सांगणार, बालरोगतज्ज्ञ की डिमेन्शियाचे डॉक्टर?

मनकवडा_डॉक
@सीवूड्सची_सून, त्याला खरं सांगा, त्याला झेपेल एवढं. आजीच्या डोक्याला आजार आहे, तो सर्दीसारखा दुसऱ्याला लागत नाही, आजी चिडली तर ते तुझ्यामुळे नाही, आणि मी ठीक आहे. पुन्हा पुन्हा विचारेल, तेवढ्या वेळा तेच सांगा. तरी झोपेत घाबरून उठत असेल किंवा शाळेत जायला रडत असेल तर दाखवा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. घरातल्या काळजी घेणाऱ्याने फोन केला तरी चालतो, पेशंटनेच करायला हवा असं नाही. ज्येष्ठांसाठी वेगळी १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, तिथे पेन्शन, छळ, कायदेशीर अडचणी याबद्दलही मदत करतात.

मृण्मयी_नौपाडा
ठाण्यातल्यांसाठी: डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था इथलीच, १९९० पासून आहे. त्यांच्याकडे रुग्णांच्या कुटुंबीयांचे स्वमदत गट चालतात. पालिकेने सगळं स्वतः उभारायच्या ऐवजी अशा संस्थांना हाताशी धरायला काय हरकत आहे?

घोडबंदरवासी
हरकत एकच, टेंडर. सगळ्यात स्वस्त बोली लावणाऱ्याला काम मिळणार आणि तो अनुभव नसलेली मुलं-मुली पंधरा हजारांवर ठेवणार. काउन्सेलर म्हणून पाटी लावायला आज काय लागतं? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन लागतं, ते तरी विचारा. निवेदनात पात्रता लिहाच.

गणित_कच्चं
दोन कामाच्या गोष्टी टाकून ठेवतो, कुणाला तरी उपयोग होईल. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो. त्याला दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. ते काढायला घरचे नको म्हणतात, "शिक्का बसेल". आमच्याकडे त्यावरून सहा महिने अबोला होता. काढलं, शिक्का वगैरे काही बसला नाही, फाईल मात्र जाड झाली.

अवलिया_७१
ठीक आहे. मी एक विचारतो, वाद घालायला नाही. माझ्या थोरल्या भावाला हल्ली ऐकू कमी येतं, मशीन घेत नाही, बोलणं सोडलंय, खोलीतच बसतो. वहिनी म्हणते विसरायलाही लागलाय. हे कुठे दाखवायचं?

मनकवडा_डॉक
आधी कान. खरंच सांगतो. ऐकू न आल्याने माणूस गप्प होतो आणि गप्प झाला की घरच्यांना वाटतं विसरला. शिवाय डिमेन्शियाची जी टाळता येण्याजोगी कारणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने मांडली त्या चौदांत ऐकू कमी येणं हे एक आहे. कानाचं झालं की मग स्मरणशक्तीची चाचणी. मशीनला नाही म्हणत असतील तर आधी मळ काढायच्या निमित्ताने न्या.

अवलिया_७१
धन्यवाद. मळाच्या नावाने येईल तो.

खाडीकिनारी
मंडळी, सगळं वाचून ड्राफ्ट पुन्हा लिहायला घेतला. प्लॉट आणि सेंटर काढून टाकलंय. आता असं मागतोय: पालिकेच्या आरोग्य केंद्रांत ठरलेल्या वारी एक टीम, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि एक नर्स, पात्रतेसकट, आणि करार किमान तीन वर्षांचा, म्हणजे माणसं दर सहा महिन्यांनी बदलणार नाहीत. बीपी-शुगरच्या रांगेतच ज्येष्ठांची ती पंधरा प्रश्नांची चाचणी आणि कानाची तपासणी. खासगी प्लेग्रुप आणि नर्सऱ्यांतही अंगणवाडीसारखी वर्षातून दोनदा मुलांची तपासणी, आणि संशयित मुलाच्या आईला केंद्रापर्यंत जायला खाड्याचा मोबदला (पोषणआहार ताई, हा तुमचा, मंजूर होईल असं वाटत नाही पण लिहितोय). विरंगुळा केंद्रांत महिन्यातून दोनदा टीमने बसायचं, पाटी न लावता. आणि ज्या घरात डिमेन्शियाचा रुग्ण आहे तिथे आठवड्यातून दोन दुपारी प्रशिक्षित मदतनीस. हे कलम १८ च्या आधाराने पहिल्या क्रमांकावर घेतलंय. ओंजळ यांचं "आजीलाही विचारा, मुलाकडेही बघा" कुठे बसवायचं ते कळेना, म्हणून टीमच्या कामाच्या वर्णनातच टाकलं.

पोषणआहार
खाडा राहू द्या. नाहीच मिळाला तर निदान टीमची वेळ तरी दुपारी तीननंतरची लिहा, तोवर बायकांची कामं उरकलेली असतात. याला पैसे लागत नाहीत.

नेरुळचा_निवृत्त
"विरंगुळा केंद्रात पाटी न लावता" हे फार चांगले. टीमला बसायला वाचनालयाची जागा देता येईल, मात्र दहा ते बारा सोडून.

घोडबंदरवासी
मदतनिसांना ट्रेनिंग कोण देणार ते लिहिलं नाहीत. तिथेच फाईल परत येईल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमने द्यावं असं घाला, डॉक सांगतीलच.

मनकवडा_डॉक
घाला. ट्रेनिंग आणि त्यानंतर दर महिन्याला केस चर्चा, दोन्ही घाला. नुसतं ट्रेनिंग लिहिलंत तर एक दिवसाचा कार्यक्रम, चहा-समोसा आणि प्रमाणपत्र.

सीवूड्सची_सून
पहिल्या क्रमांकासाठी थँक्यू. आमच्याकडे नवी मुंबई पालिकेला हेच द्यायचं म्हणते, आमच्या सेक्टरच्या महिला मंडळात वाचून दाखवलं, बऱ्याच जणी सही करायला तयार आहेत. फाईल वर्डमध्ये पाठवाल का? पीडीएफ नको, आयुक्तांचं नाव आणि वॉर्ड बदलायचाय. आणि मराठी फॉन्ट युनिकोडच ठेवा, मागच्या वेळी पाण्याचं निवेदन उघडलं तर नुसते चौकोन आले होते.